वाजत राहिलेला फोन

१

दसऱ्याच्या दुपारी घोडपदेवचे माधव सकपाळ गेले. छातीत कळ आली तेव्हा आमच्या न्यासाची रुग्णवाहिका लालबागच्या शाखेखाली उभी होती. त्यांच्या बायकोने, ललिताबाईंनी, शाखेचा नंबर पुन्हा पुन्हा लावला. रिंग वाजत होती, पण कोणी उचलत नव्हतं. शेवटी शेजाऱ्यांनी माधवरावांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं आणि टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलच्या दारातच डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

त्या दिवशी शाखेत फोनवर मालन घाडीगावकर एकटी होती. ती म्हणाली, फोन वाजलाच नाही.

मी सुचित्रा करंदीकर, न्यासाची चौकशी अधिकारी. म्हणजे गिरगावच्या मुख्य कचेरीतलं असं माणूस, जे जेवणाच्या सुट्टीत येऊन बसलं की टेबलावरच्या गप्पा थांबतात. इतकी वर्षं हे काम करतेय की खोटं बोलणाऱ्यांचा आता रागही येत नाही, कंटाळा येतो. फोन वाजला नाही म्हणे! सबब सांगायची तर निदान नवीन तरी सांगावी, असं माझ्या मनात आलं.

सोमवारी विश्वस्तांची सभा होती. मालनबाईंना ‘कामाची जागा सोडून गेल्या’ असा शेरा मारून काढून टाकायचं, हे ठरल्यात जमा होतं. निवृत्ती तोंडावर आलेल्या बाईला त्या शेऱ्यासकट घरी जावं लागणार होतं. फक्त माझा अहवाल यायचा बाकी होता. दसरा गुरुवारी झाला. मी शनिवारी सकाळी लालबागला पोचले आणि तो जिना चढतानाच मला घरी परत जावंसं वाटलं.

२

शाखाप्रमुख हितेंद्र पोतनीस माझी वाटच बघत होता. इस्त्रीचा शर्ट, आवाज एकदम मऊ. असा आवाज काढणारी माणसं खापर कोणावर फोडायचं ते आधी ठरवून बसलेली असतात.

“मॅडम, आपले फोन इंटरनेटवर चालतात,” तो म्हणाला. “कॉल आधी गिरगावला जातो आणि तिथून केबलने इथे येतो. केबल तुटली तर शाखा बहिरी होऊ नये म्हणून हा राखीव बॉक्स बसवलाय. त्याला जुनी टेलिफोनची लाइन जोडलेली आहे. केबल गेली की फोन कंपनी आपले कॉल त्या लाइनवर वळवते आणि बॉक्स इथले फोन वाजवतो. सगळं आपोआप होतं.”

“आणि दसऱ्याला केबल तुटली होती.”

“सकाळीच. खाली रस्ता खणत होते. संध्याकाळ व्हायच्या आत जोडून झाली. फोन कंपनीने लेखी कळवलंय, ललिताबाईंचे सगळे कॉल जुन्या लाइनवर पोचले, रिंग गेली. शुक्रवारी सकाळी देखभालवाल्या निलेशने बॉक्स तपासला, ठणठणीत आहे. म्हणजे यंत्र ठीक, लाइन ठीक.” त्याने हात पसरले. “मग उरलं कोण?”

“तुम्ही कुठे होता?”

“पुण्याला, सासुरवाडीला. बुधवारी दुपारी पूजा आटोपली, संध्याकाळी निघालो, शुक्रवारी परत.”

खाली उभ्या असलेल्या ड्रायव्हरचाही उपयोग नव्हता. त्याने मालनबाईंना खाली उतरताना पाहिलं नव्हतं, पण मधे तो चहाला गेला होता.

मी बॉक्स दाखवायला सांगितला. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाची किल्ली बाहेरच खिळ्याला टांगलेली होती, कोणीही उघडावं. ऑफिसभर बुधवारच्या खंडेनवमीच्या खुणा होत्या. कॉम्प्युटरवर हळदकुंकवाची बोटं, प्रत्येक फोनवर सुकत चाललेला झेंडूचा हार. मालनबाईंच्या फोनवरचा हार तर इतका जाड की लाइन चालू आहे का ते दाखवणारी फोनची काच दिसतच नव्हती. कपाटात वरच्या फळीवर केबलचा बॉक्स होता, खालच्या फळीवर राखीव. दोघांनाही हळदकुंकू वाहिलेलं. राखीव बॉक्स वरच्यापेक्षा स्वच्छ पुसलेला होता, आणि त्यावर चार अक्षता आणि आपट्याचं एक पान होतं. हिरवा दिवा लागलेला होता.

“दर महिन्याला केबल काढून हा चालतो का ते बघायचं असतं ना?” मी विचारलं.

हितेंद्रचा मऊ आवाज जरा खरखरीत झाला. “चालू ऑफिसात केबल कोण काढणार, मॅडम? तेवढ्यात कॉल आला तर?”

म्हणजे एकदाही बघितलेलं नव्हतं. मालनबाईंना बोलवा म्हटलं.

३

मालनबाई समोर बसल्या त्या हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारख्या. जाड भिंगांचा चष्मा, डोळे सुजलेले.

“मी उठलेच नाही जागेवरनं. डबा पण टेबलावरच खाल्ला. एकदा मोरीपर्यंत गेले असेन, पण तिथवर फोन ऐकू येतो. मला फोन ऐकू येतोच, मॅडम. आयुष्य गेलं त्यात.”

“दिवसभर एकही फोन नाही, याचं काही वाटलं नाही?”

“वाटलं ना. बरं वाटलं. म्हटलं, देवाची कृपा, आज सणाला कोण आजारी नाही.”

खोटं बोलणारी माणसं असलं वाक्य बोलत नाहीत, स्वतःच्या अंगाशी येणारं.

“पण आता सगळे सांगतायत, वाजत होता,” त्या हळूच म्हणाल्या. “कंपनी सांगते, सर सांगतात, ती बाय सांगते. सगळी कशी खोटं बोलतील? माझाच डोळा लागला असेल का हो? रात्री झोपच येत नाही. तेच तेच आठवत बसते. नोकरी जाऊ दे, पण मी खुर्चीत होते की नव्हते, ते तरी मला कळू दे.”

त्यांना जरा सावरायला वेळ द्यावा म्हणून मी हारांकडे बोट दाखवलं. पूजा छान झाली म्हटलं.

“कसली छान!” त्यांनी नाक मुरडलं. बाई एकदम ताठ झाल्या. “सरांनी नारळ फोडला, फोटो काढले, संपलं. मशीन सगळी चालूच, वरनं हार. ही काय पूजा झाली? आमचे सासरे गिरणीत फिटर. नवमीला पट्टे उतरवायचे, साचे, म्हणजे ते माग, धुऊन पुसून गप्प ठेवायचे. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. एरवी त्या खात्यात कान फुटायचे. सासरे सांगायचे, वर्षातनं त्या एका दिवशी आम्ही एकमेकांचा आवाज ऐकायचो.”

“मग सरांना सांगायचं, बंद ठेवू या म्हणून.”

“सांगितलं की. सर म्हणाले, मालनबाई, इथे माणसांचा जीव असतो, एकही कॉम्प्युटर बंद करायचा नाही. बरोबर आहे त्यांचं. माणसापुढे मशीन थोडीच मोठी?”

त्या गेल्या. मी पर्स उचलून जिना उतरू लागले, तर मागून धावत पावलं आली. शाखेतली दुसरी टेलिफोन ऑपरेटर, अनुजा. चेहरा पांढरा पडलेला.

“मॅडम, सरांना सांगू नका,” ती म्हणाली. “दसऱ्याची ड्युटी माझी होती.”

४

खालच्या हॉटेलात चहा मागवला. तिने कपाला हात लावला नाही.

“माझा साखरपुडा होता. सरांनी रजा दिली नसती, म्हणून मालनमावशी म्हणाल्या, तू जा गो, मी बसते. सरांना न विचारता बदली केली, म्हणून त्यांनी सांगितलं, ड्युटी मीच मागून घेतली; माझं नावसुद्धा काढत नाहीत. आणि मी पण गप्प बसले, मॅडम. मला माझीच लाज वाटतेय.”

“वाटायलाच हवी,” मी म्हटलं. “मुद्द्याचं बोल.”

तिने मोबाइल पुढे केला. “साखरपुड्याची कानातली ऑफिसात ड्रॉवरमध्ये विसरले होते. मावशींच्या मोबाइलवर फोन केला. त्यांनी फोन चालू ठेवूनच ड्रॉवर उघडला, कानातली काढली आणि हीच का म्हणून फोटो पाठवला.”

फोटोत टेबल होतं, कानातली होती, मागे हार घातलेला फोन, शेजारी मालनबाईंचा अर्धा खाल्लेला डबा. फोटोची वेळ बघितली. ललिताबाई त्याच वेळेला पुन्हा पुन्हा नंबर लावत होत्या.

“तुमचं बोलणं चालू असताना मागे फोन वाजत होता?”

“नाही. मी मुद्दाम आठवून बघितलं. पंख्याची घरघर ऐकू येत होती, बस्स.”

म्हणजे बाई खुर्चीत होती. तिच्या हाताशी फोन होता आणि तो गप्प होता. तिकडे घोडपदेवला ललिताबाईंच्या कानात मात्र रिंग वाजत होती. मी निलेशला बोलावून घेतलं.

निलेश फोनची देखभाल करणाऱ्या कंपनीतला मेकॅनिक. शीवहून बाइकवर आला, हेल्मेट काखेत मारून.

“टेन्शन नका घेऊ मॅडम, बॉक्स एकदम ओके आहे. शुक्रवारी आलो तेव्हा हिरवा लाइट चालू. तरी मी आधी बंद केला, मग चालू केला.”

“चालू होता तर बंद कशाला केलास?”

“आमच्यात पहिलं तेच करतात,” तो म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

“कधीपासून चालू आहे, हे तो बॉक्स लक्षात ठेवतो ना?”

“ठेवतो की.” मग त्याच्या लक्षात आलं. “म्हणजे... ठेवतो, पण मी बंद केला तेव्हा ते पुसलं गेलं.”

“छान. आता मला सांग, केबल चांगली असताना हा बॉक्स कोणी बंद केला तर काय होईल?”

“काहीच नाही. कळणार पण नाही. सगळे फोन मस्त चालतील. केबल असताना तो नुसता बसून असतो.”

“आणि बॉक्स बंद असताना केबल तुटली तर?”

निलेशने हेल्मेट टेबलावर ठेवलं. “बाहेरच्याला रिंग ऐकू येणार. जुनी लाइन चालूच असते ना. पण इथे वाजवणार कोण? इथे सगळं शांत.” त्याची नजर वर शाखेच्या जिन्याकडे गेली. “बाप रे. कोणीतरी बंद केला होता का, मॅडम?”

बंद केला होता, आणि शुक्रवारी निलेश यायच्या आत पुन्हा चालूही केला होता. किल्ली खिळ्यालाच होती. कोणी केलं, हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. मी उठून पुन्हा वर गेले, गुडघ्यांना शिव्या देत.

५

कपाट उघडून उभी राहिले. बॉक्सकडे बघून काय कळणार? तो बिचारा लुकलुकत होता. मग माझी नजर त्या पानावर गेली आणि तिथेच थांबली.

हळदकुंकू आणि झेंडू बुधवारचे, नवमीचे. आपट्याचं पान नवमीला कोणी वाहत नाही, ते सोनं दसऱ्याचं. आणि दसरा उलटला की ते पान कचऱ्यात जातं, शुक्रवारी कोणी वाहणार नाही. म्हणजे दसऱ्याच्या दिवशी कोणीतरी हे कपाट उघडलं होतं. हितेंद्र पुण्याला, अनुजा साखरपुड्याला, निलेशला सुट्टी. सगळ्या ऑफिसात दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर पान नव्हतं, याच एकावर होतं. आणि हाच एक कोणीतरी मनापासून पुसला होता.

पट्टे उतरवायचे. साचे गप्प ठेवायचे.

मला सगळं कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. बोलणं झाल्यापासून मी या बाईला सोडवायला निघाले होते. तपास माझ्या मनासारखा होत चालला होता, आणि आता तोच तिच्या दारात येऊन उभा राहिला होता.

रविवारी सकाळी मी करी रोडला गेले. मालनबाईंची चाळ पाडून टॉवर झालाय. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली लहान पण लख्ख. मी पाणीही घेतलं नाही, सरळ विचारलं.

“मालनबाई, कपाटातली ती छोटी पेटी नवमीला तुम्ही बंद केलीत?”

“केली,” त्या लगेच म्हणाल्या. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. “सगळे गेल्यावर. म्हटलं, एकीला तरी विसावा मिळू दे. पण अशीच नाही बंद केली हो. आधी बंद करून बघितली. माझ्या मोबाइलवरनं ऑफिसचा नंबर लावला, वाजला. अनुजाच्या टेबलावरचा पण वाजला. म्हटलं, हिच्यावाचून कोणाचं अडत नाही. मग पुसली, हळदकुंकू लावलं. दसऱ्याला दिवेलागणीला सोनं वाहिलं, अक्षता टाकल्या आणि चालू केली. का? काय झालं?”

कोणी त्यांना ती पेटी कशासाठी आहे ते कधी सांगितलंच नव्हतं. हितेंद्रने नाही, निलेशने नाही, आम्ही गिरगाववाल्यांनीही नाही. मी सांगितलं. हळूहळू, सगळं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आधी त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे मी झोपले नव्हते? मी होते?” त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग ते जोडलेले हात तसेच राहिले आणि त्यांनी डोळे उघडले.

“मग ती रिंग मीच बंद केली,” त्या म्हणाल्या.

मला त्यांच्याकडे बघवेना. मी जे बोलले ते चौकशी अधिकाऱ्याने बोलू नये, पण थकलेल्या माणसाने काय बोलावं याचा नियम नाही. “हे तुमच्या-माझ्यात राहू शकतं. निलेशने बॉक्सची आठवण पुसून टाकलीय. मी यंत्रात बिघाड लिहीन. फोटो आहे, तुम्ही जागेवर होतात हे सिद्ध होतंय. सुटाल.”

“आणि त्या बाईला कोण सांगणार?”

“तिलाही तेच सांगू. बिघाड.”

त्या उठल्या, खुंटीवरची पिशवी घेतली. “तिचा माणूस गेलाय, मॅडम. तिला मी सांगते. तुम्ही नुसत्या सोबत चला, मला एकटीला जिना चढवणार नाही.”

६

घोडपदेवच्या त्या चाळीत जिन्याच्या भिंतीवर आमच्या शाखेचा नंबर लाल रंगाने रंगवलेला होता. मालनबाई तिथे क्षणभर थांबल्या, मग चढल्या.

ललिताबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. शेजारी त्यांची बहीण. दिवा जळत होता. मी आमची ओळख सांगितली तशी बहीण उठून उभी राहिली. “हीच का ती फोनवाली? तोंड घेऊन आली वर?”

“येऊ दे,” ललिताबाई म्हणाल्या. मालनबाईंकडे न बघताच त्या बोलू लागल्या. “माझ्या कानातनं ती रिंग जात नाही. पोरगा विचारतो, आई, लगेच टॅक्सी का नाही केलीस? काय सांगू त्याला? वाजत होता ना. म्हटलं, आता उचलतील, आता उचलतील. बंद लागला असता तर मी तेव्हाच खाली धावले असते. आणि तिकडे कोणीतरी ऐकत बसलं होतं, माझा फोन वाजू देत होतं. माणूस असं करतं?”

मालनबाई दाराशीच खाली बसल्या. त्यांना एकदम सांगता येईना. आधी सासरे, मग नवमी, मग पेटी, असं त्या मागेपुढे सांगत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, “मी फोनच्या बाजूलाच होते, ताई. आमच्याकडे वाजला नाही. मीच बंद करून ठेवलेला, मला माहीत नव्हतं. पण केला मीच.”

बहीण काहीतरी बोलणार होती, ललिताबाईंनी तिचा हात धरला.

“म्हणजे ऐकत कोणी बसलं नव्हतं?”

“नाही.”

“वाजला असता तर उचलला असता?”

“पहिल्या रिंगला,” मालनबाई म्हणाल्या.

ललिताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या मोठ्याने रडू लागल्या. इतकं की शेजारच्या बायका दाराशी आल्या. बहिणीने मला हळूच सांगितलं, गुरुवारपासून ही रडलीच नव्हती. मालनबाई जागच्या हलल्या नाहीत. जवळ जायचं त्यांना धाडस नव्हतं आणि निघून जायचंही नव्हतं. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते आणि माझेही डोळे वाहत होते. इतक्या वर्षांच्या कंटाळ्यानंतर मला ते जरा विचित्रच वाटलं.

बऱ्याच वेळाने ललिताबाईंनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळल्या.

“उद्या तुमची ती सभा आहे ना? लोक मला सांगून गेलेत, तक्रार जोरात कर, ती बाई पळून गेली होती.” त्यांनी एकदा, पहिल्यांदाच, मालनबाईंकडे नीट बघितलं. “हिला मी माफबिफ करणार नाही. ते माझ्याने व्हायचं नाही. पण ही पळून गेली होती असं लिहू नका. माझा माणूस जात होता तेव्हा ही तिथे बसली होती, असं लिहा. माझं नाव घालून लिहा.”

सोमवारी मी सगळं लिहिलं. मालनबाईंचा हात, हितेंद्रच्या न झालेल्या तपासण्या, कोणी कधी न सांगितलेली गोष्ट, आमची गिरगावची बेफिकिरी. आणि सगळ्यात वर, ललिताबाईंचं नाव घालून, त्यांनी सांगितलेलं ते वाक्य. विश्वस्तांनी मालनबाईंना फोनवरून हलवून औषधांच्या खोलीत बसवलं आणि हितेंद्रला जाब विचारला. जागा सोडून गेल्याचा शेरा मात्र कोणाला मारता आला नाही.